तर्नोवोत एकदाच विचारतात

आमच्या गावात मला आता ‘रशियाला जाऊन आलेला’ म्हणतात. मी रशियाला गेलोच नव्हतो. मी बल्गेरियाला गेलो होतो. तिथंही राजधानीत एकच रात्र काढली, उरलेले चाळीस दिवस वेलिको तर्नोवो नावाच्या एका डोंगराळ गावात होतो. परत आल्यावर पहिल्या दिवशी पारावर मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, “रशियात ऊस हाय का रं?” तेव्हापासून मी नुसतं ‘न्हाई’ म्हणतो. ते तरी खरं आहे.

ज्यांनी तर्नोवो पाहिलेलं नाही, म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ सगळेच, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं कुठलं किती सांगावं याचा अंदाज चुकला तर सांभाळून घ्यावं.

जायचं कसं ठरलं ते थोडक्यात सांगतो. पुण्यातल्या एका भारत-बल्गेरिया मैत्री मंडळानं इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून किल्ल्यांवर निबंध मागवले होते. दोघांना बल्गेरियात एका जुन्या गडाच्या उत्खननावर काम करायला पाठवणार होते. आमच्या रानातून मच्छिंद्रगड दिसतो. मी त्याच्यावर लिहिलं. दुसरा निवडला गेला तो साताऱ्याच्या कॉलेजातला श्रीधर. तो मूळचा वाईचा, त्याचे वडील तिथं वकील. वाई कृष्णेच्या वरच्या अंगाला आणि आमचं गाव ताकारीच्या बाजूला, खालच्या अंगाला. वाईकरांचं वापरून झालं की ते पाणी आमच्या उसाला येतं. श्रीधरकडं पाहताना मला हे पुष्कळदा आठवायचं.

तो चांगला होता, हीच अडचण होती. विमानात काटा-चमचा कसा धरायचा ते त्यानं मला कुणाला दिसू न देता दाखवलं. माझे इंग्रजी फॉर्म त्यानं भरून दिले. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, राग तरी येतो. श्रीधरचा रागही येत नव्हता.

घरावर घर

तर्नोवोला यांत्रा नावाची नदी आहे. ती सरळ वाहतच नाही. डोंगरांच्या मधून अशी वळणं घेत जाते, की एका पुलावरून नदी ओलांडावी, थोडं चालावं आणि पुन्हा तीच नदी समोर यावी. तिच्या काठच्या उभ्या कड्यावर गाव आहे. एका घराचं कौलारू छप्पर संपतं तिथं दुसऱ्या घराचं अंगण सुरू होतं. खालून पाहिलं तर सगळं गाव एकमेकांच्या खांद्यावर उभं राहून नदीत वाकून बघतंय असं वाटतं. वरचे मजले लाकडी तुळयांवर बाहेर काढलेले, भिंती पांढऱ्या चुन्याच्या आणि प्रत्येक खिडकीत तांबड्या फुलांची कुंडी.

आम्हाला स्तोयांकाबाई नावाच्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर खोली दिली होती. वय साठीच्या पुढं, हात कामानं रापलेले. अंगणात द्राक्षाचा मांडव. आल्या आल्या त्यांनी बशीत चमचाभर चेरीचा मुरांबा आणि पेलाभर थंड पाणी पुढं केलं. मला एकदम बरं वाटलं. आपण गूळ-पाणी देतो, तसंच हे. म्हटलं, माणसं ओळखीची आहेत.

तो समज तासाभरात गेला. स्तोयांकाबाईंनी पाट्याएवढ्या तबकात गरम बनित्सा आणली. पातळ पापुद्र्यांत चीज घालून भाजलेली पोळी असते ती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी तबक माझ्यापुढं धरलं. मी हसून, हात जोडून ‘नको’ म्हणालो. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, लहानपणापासून शिकवलंय की परक्याच्या घरी पहिल्या विचारण्याला ताटाला हात लावायचा नाही. आपण नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं, मग त्यांनी वाढायचंच. स्तोयांकाबाईंनी मान हलवली आणि तबक श्रीधरकडं नेलं. श्रीधरनं दोन तुकडे घेतले. मग तबक आत गेलं. मी ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाताना पाहत राहिलो.

“अरे, घ्यायचं नाही का?” श्रीधर खाता खाता म्हणाला.

“भूक न्हाई,” मी म्हणालो. तेवढ्यात पोटानं आवाज केला. तो हसला आणि दुसरा तुकडा त्यानं अर्धा मोडून मला दिला.

खाण्याच्या बाबतीत मी दोन दिवसांत शहाणा झालो. पुढं काही आलं की लगेच घ्यायला लागलो. तिथलं जेवण आपल्याला परकं वाटत नाही. उन्हाळ्यात ते थंड ताकात काकडी, लसूण, अक्रोड आणि चक्क शेपू घालून वाटीनं पितात. पावाचा तुकडा मोडून वाळवलेल्या पाल्याच्या खमंग मिठात बुडवून खातात. ऑगस्ट लागला की घराघरांतून तांबड्या ढबू मिरच्या भाजायला सुरुवात होते. त्या वासानं मला भर गल्लीत घराची आठवण यायची. फक्त ती मिरची खाल्ली की कळायचं, तिखटपणा कुठंच नाही.

श्रीधरवर स्तोयांकाबाईंचा फार जीव जडला. तो त्यांच्या भाषेतले शब्द पटापट उचलायचा, संध्याकाळी मांडवाखाली बसून गाणं म्हणायचा. एकदा त्यांनी मला मांडवाची तुटलेली तार बांधायला लावली. मी चांगली घट्ट बांधून दिली. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि पलीकडं श्रीधरचं गाणं ऐकायला जाऊन बसल्या. तार आजही सुटली नसेल.

त्सारेवेत्सचा गड

गावाच्या पूर्वेला त्सारेवेत्स नावाची टेकडी आहे. तिला नदीनं तिन्ही बाजूंनी वेढा घातलाय. चौथ्या बाजूनं एक अरुंद खडकाळ पट्टी गावाला जोडलेली. त्या पट्टीवरच ओळीनं तीन दरवाजे आणि मध्ये उचलायचा पूल. शत्रूला आत यायचं तर एवढ्याच वाटेनं यावं लागणार. मी पहिल्यांदा तिथं उभा राहिलो तेव्हा मनात आलं, ज्यानं ही जागा निवडली त्याला आपल्या महाराजांनी नक्की जवळ बसवून घेतलं असतं.

आठशे वर्षांपूर्वी इथल्या दोन भावांनी कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाविरुद्ध बंड केलं आणि तर्नोवोला राजधानी केली. दोनशे वर्षं हे राज्य टिकलं. गडाच्या दक्षिण टोकाला एक चौकोनी बुरूज आहे. लढाईत धरून आणलेल्या परक्या बादशहाला त्यात कोंडलं होतं, तो परत गेलाच नाही असं सांगतात. उत्तर टोकाला नदीवर झुकलेला एक कडा आहे. फितुरांना तिथून खाली लोटत. आम्हाला गड दाखवणाऱ्या गाइडला मी सांगायला गेलो की आमच्या रायगडावरही अगदी असाच कडा आहे, टकमक टोक. माझं इंग्रजी वाक्य तयार होईपर्यंत गाइड पुढं निघून गेली होती. ते मग श्रीधरनं तिला सांगितलं. ती थांबली, तिनं वहीत लिहून घेतलं, आणि श्रीधरचे आभार मानले.

शेवटी तुर्कांनी तीन महिने वेढा घालून गड घेतला आणि जवळजवळ पाचशे वर्षं सोडला नाही. शंभरेक वर्षांपूर्वी रशियन फौजांनी गाव सोडवलं. देशाची पहिली घटना याच गावात बसून लिहिली गेली, ती इमारत अजून आहे. नंतर मोठा भूकंप झाला आणि जुन्या चर्चांच्या भिंती पडल्या. स्तोयांकाबाईंच्या सासूनं तो पाहिलेला. मी त्यांना कोयनेच्या भूकंपाचं सांगितलं. त्या पहाटे आमच्या घराच्या कौलांचा कसा खडखडाट झाला, आई म्हशीचं दावं सोडायला कशी धावली, ते हातवारे करून सांगितलं. तेवढी एक गोष्ट त्यांनी श्रीधरला मध्ये न घेता ऐकली.

आमचं काम सकाळी सहाला सुरू व्हायचं. सात देशांची पोरं-पोरी होतो. माती काढायची, चाळायची, खापरांचे तुकडे आणि तटाचे दगड धुवायचे. एकीकडं खोदकाम आणि दुसरीकडं पडलेल्या तटाची बांधणी चालू होती. जुन्या दगडावर लाल रंगानं आकडा घालत आणि त्याची जागा कागदावर सापडली की मगच तो भिंतीत चढवत. एक दगड बसवायला पाऊण दिवस जायचा. कुणी घाई करत नव्हतं.

हे पाहताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आमच्या मच्छिंद्रगडाचे घडीव चिरे मी लहानपणापासून ओळखतो. कुणाच्या गोठ्यात आहेत, कुणाच्या विहिरीच्या थारोळ्याला, मोटेचं पाणी पडतं तिथं, आहेत. आमच्या घरामागच्या परड्यात धुणं आपटायचा दगड आहे, त्यावर अर्धं कमळ कोरलेलं आहे. आईनं त्यावर तीस वर्षं धुणं धुतलं. निबंधात मी हे लिहिलं नव्हतं. तर्नोवोच्या लोकांकडं गड होता, गडाचे दगड होते, आणि दगडांना नंबर घालायला माणसं होती. मला त्या माणसांचा हेवा वाटायचा. रंगाचा डबा घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्याचासुद्धा.

उत्खननाच्या प्रमुख रायनाबाई होत्या. तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक, पन्नाशीच्या, डोक्याला कायम रुमाल बांधलेला. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच अडखळतं होतं, म्हणून मला त्यांच्याशी बोलायची भीती वाटायची नाही. तिसऱ्या आठवड्यात एका खड्ड्यात खुरप्यासारख्या हत्यारानं माती खरवडताना मला तिचा आवाज वेगळा वाटला. रानात खाली चुनखडी लागली की तसा आवाज येतो. मी हात थांबवला आणि बाईंना बोलावलं. त्यांनी स्वतः खाली उतरून ब्रशनं माती झाडली. खाली चुन्याची जमीन निघाली, कुठल्या तरी खोलीची, एका कोपऱ्यात चुलीचा काळा डाग. मग बाईंनी मला विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हणालो, माझे वडील शेतकरी आहेत. त्या दिवसापासून त्यांनी मला स्वतःच्या खड्ड्यात कामाला घेतलं.

ते पंधरा दिवस मी आयुष्यात पहिल्यांदा श्रीधरच्या पुढं होतो. तो पलीकडं खापरं धुवायचा. दुपारी परतताना तो विचारायचा, आज काय निघालं? मी सांगायचो, सावकाश, थोडं थोडं. मला ते सांगायला फार आवडायचं, हे कबूल करतो.

अर्बानासी आणि कारागिरांची गल्ली

दुपारनंतर आम्हाला मोकळीक असे. गावात जुन्या कारागिरांची एक उतरती गल्ली आहे. तिथं तांबट, कुंभार, विणकर आपापल्या दुकानात गिऱ्हाइकासमोरच काम करतात. तांबटाच्या ठोक्यांचा आवाज थेट आपल्या तांबट आळीसारखा. जवळच एक जुनी धर्मशाळा आणि एक उंच अरुंद घर आहे. त्या घराच्या दर्शनी भिंतीवर माकडासारखी एक छोटी मूर्ती बसवली आहे. दोन्ही एका शाळा न शिकलेल्या गवंड्यानं बांधली असं कळलं. मी त्या घरासमोर पुष्कळ वेळ उभा राहिलो.

एका रविवारी आम्ही चालत अर्बानासीला गेलो. तासाभराच्या चढावर हे खेडं आहे. एके काळी मोठे व्यापारी इथं राहायचे. बाहेरून घरं किल्ल्यासारखी, जाड दगडी भिंती, दारांना लोखंडी खिळे, खिडक्या लहान. आत गेलं की कोरीव लाकडी छतं आणि भिंतीला लागून बैठका. तिथलं चर्च तर बाहेरून लांबट गोठ्यासारखं दिसतं. आत डोळे अंधाराला सरावले. मूठभरसुद्धा भिंत कोरी नव्हती. हजारो माणसं, संत, घोडे, बोटी, एका मोठ्या चाकाभोवती माणसाचं सगळं आयुष्य, वर चढणारे आणि खाली कोसळणारे.

“आमच्याकडं मेणवलीच्या वाड्यात अशीच चित्रं आहेत,” श्रीधर हळूच म्हणाला. “लहानपणी आजोबा न्यायचे बघायला.”

इथंही त्याच्याकडं काही होतंच. आमच्या गावच्या देवळाला गेल्या साली निळा ऑइलपेंट दिला.

रायनाबाईंची खोली

निघायला पाच दिवस राहिले होते तेव्हा रायनाबाईंनी आम्हा दोघांना विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर खापरांचे ट्रे होते. खिडकीतून त्सारेवेत्स समोर दिसत होता. त्यांनी पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, आणि वेळ न घालवता सांगितलं. आमच्यापैकी एकाला मागं राहता येणार होतं. वर्षभर भाषा शिकायची, मग चार वर्षं हेच शिक्षण, उत्खनन, दगड, चुना, सगळं. राहणं-जेवण सरकारचं. जागा एकच.

मग त्या माझ्याकडं वळल्या. “आनंदा, मला तू हवा आहेस. राहशील?”

समोर गड दिसत होता. तटाचा तो नवा भाग, ज्याचे दगड मी स्वतः धुतले होते, तो उन्हात वेगळा ओळखू येत होता. मला राहायचं होतं. इतकं काहीच मी आजवर मागितलं नव्हतं.

आणि मी म्हणालो, “नको मॅडम. श्रीधर माझ्यापेक्षा हुशार आहे. त्याचं इंग्रजी चांगलं आहे. त्यालाच द्या.”

खाण्याबाबत शहाणा झालेला मी इथं तो शहाणपणा पार विसरलो. ताटापुरतं शिकलो होतो, एवढंच. एवढी मोठी गोष्ट कुणी पुढं केली तर लगेच हात पुढं करणं मला सुचलंच नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, हे माझ्या जिभेवरच होतं. आता बाई म्हणतील, छे, असं कसं, तूच राहा. मी पुन्हा थोडं मागंपुढं करीन. मग हो म्हणीन. मी खाली मान घालून त्यांच्या दुसऱ्या वाक्याची वाट पाहत होतो.

बाईंनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. त्यांचा चेहरा पडल्यासारखा वाटला. पण त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं. खरं बोललेल्या माणसाचं करावं तसं. त्या श्रीधरकडं वळल्या. “मग तू?”

श्रीधरनं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या खोलीत तीन माणसं होती, आणि माझ्या ‘नको’चा अर्थ माझ्याशिवाय फक्त त्याला माहीत होता.

“यस,” तो म्हणाला.

बाईंनी कागदावर नाव लिहिलं. निघताना दोघांनाही सांगितलं की ऑक्टोबर लागेपर्यंत हे नाव बदलता येईल. श्रीधरचं मन फिरलं तर जागा माझी. मग ठरून जाईल. मी हसून मान डोलावली. दाराबाहेर येईपर्यंत हसतच होतो.

कड्यावर

त्या संध्याकाळी मी एकटाच गडावर गेलो आणि उत्तर टोकाच्या कड्यावर बसलो. थोड्या वेळानं श्रीधर आला. त्याला मी कुठं असेन ते कळलं होतं. तो शेजारी बसला, पण जरा अंतर ठेवून.

खाली नदी वळण घेत होती. मग तो म्हणाला, “तू नको म्हणालास.”

“तुला ठाऊक होतं.”

“काय?”

“मी कशाला नको म्हणालो ते. तुला ठाऊक होतं, श्रीधर. तू एकदा नुसतं म्हणायचं होतंस, बाई, याला पुन्हा विचारा.”

त्यानं गवताची एक काडी उपटली आणि तिचे तुकडे करत राहिला. मला वाटलं तो नाही म्हणेल, आणि नाही म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. मग रागावता आलं असतं.

“ठाऊक होतं,” तो म्हणाला. “ओठावर आलं होतं. पण मलाही हवं होतं रे. तुला पंधरा दिवस तिथं खाली काम करताना बघत होतो. तुला वाटतं तुझ्या एकट्याचाच जीव जळतो?”

हे मला अगदीच नवीन होतं. श्रीधरला माझा हेवा वाटला असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. पण खरं सांगतो, त्यामुळं माझा हेवा कमी झाला नाही. त्याला हेवाही वाटला आणि जागाही मिळाली. माझ्याकडं नुसता हेवा उरला.

आम्ही गड उतरून बरोबरच घरी आलो. स्तोयांकाबाईंना बातमी कळली होती. त्यांनी श्रीधरला कवटाळलं आणि त्या रडल्या. मग मलाही जवळ घेतलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला वाटेसाठी भाजलेल्या मिरच्यांची बरणी दिली. बस वळणावर आली तेव्हा मागं पाहिलं, तर श्रीधर मांडवाखाली उभा होता. घरच्यासारखा.

आबा

घरी आल्यावर मी आबांना हे सांगितलं. सगळ्यांना नाही, फक्त त्यांना. ते उसाच्या बांधावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी नको म्हणालो इथपर्यंत आल्यावर त्यांनी मान हलवली. मुलगा नीट वागला होता.

“मग?” ते म्हणाले.

“मग त्यांनी श्रीधरला विचारलं.”

“आन् तुला पुन्यांदा?”

“न्हाई विचारलं.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. “पुन्यांदा इचारलंच न्हाई?”

“न्हाई.”

त्यांनी पाटात अडकलेलं पाचट काढून बांधावर टाकलं. शेवटी म्हणाले, “लय येगळी मान्सं.” आणि फावडं घेऊन उसाला पाणी फिरवायला, दारं मोडायला गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

वाई

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीधरच्या आईचं कार्ड आलं. जमेल तेव्हा एकदा वाईला येऊन जा, श्रीबद्दल विचारायचं आहे. मी सातारा एस.टी.नं गेलो. पाऊस ओसरला होता, कृष्णा घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत भरून वाहत होती. इथून निघालेलं पाणी दोनतीन दिवसांत आमच्याकडं पोचणार, असा हिशेब मी उगाच करत होतो.

घर घाटाजवळच्या गल्लीत होतं. काकूंनी बसायला सांगितलं. वकीलसाहेब कोर्टात होते. काकूंच्या हातात निळं विमानपत्र होतं, उघडून उघडून घड्यांवर विरलेलं. त्यांनी ते मला वाचायला दिलं नाही, स्वतःच वाचून दाखवलं. श्रीधरनं लिहिलं होतं की स्तोयांकाबाईंचं घर सोडून विद्यापीठाच्या वसतिगृहात जावं लागलं, वर्गात एक अक्षर कळत नाही, जेवण जात नाही, दिवसभर कुणाशी मराठीत बोलायला नाही. परत यावं असं फार वाटतं. आणि शेवटी लिहिलं होतं: आनंदाला बोलावून विचारा. त्यानं सगळं पाहिलं आहे. तो म्हणेल तसं करा.

काकूंनी पत्र मिटलं. “आमच्यापैकी कुणी पुण्याच्या पलीकडं गेलेलं नाही रे. आम्हाला काय कळणार. हे म्हणतात बोलावून घेऊ. तू सांग.”

मला तेव्हा कळलं की श्रीधरनं काय केलंय. जे त्या खोलीत त्यानं विचारलं नव्हतं, ते आता तो आईच्या तोंडून विचारत होता. ऑक्टोबर लागायला अजून दिवस होते, तो परतला तर जागा माझी होती. मी एवढंच म्हणायचं होतं, बोलावून घ्या काकू. ते खोटंही ठरलं नसतं. तो खरंच वाळला होता, मी निघालो तेव्हाच त्याची पँट ढिली झाली होती. पोराच्या काळजीनं जीव अर्धा झालेल्या बाईला मी सांगितलं असतं, आणि तिनं माझेच उपकार मानले असते.

मी त्यांना तर्नोवोबद्दल सांगायला लागलो. नदी कशी वळते, घरं कशी एकावर एक आहेत, दगडावर लाल आकडे कसे घालतात, अर्बानासीच्या चर्चमध्ये मूठभर भिंत कशी कोरी नाही. मला वाटत होतं की मी थोडं सांगून थांबेन. थांबता येईना. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या. कारागिरांच्या गल्लीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी मला हातानं थांबवलं.

“एक विचारू? अगदी मनापासून सांग. तू त्याच्या जागी असतास, आणि असं एकटं वाटलं असतं, तर आला असतास परत?”

“न्हाई,” मी म्हणालो. “राहिलो असतो, काकू. मला लय राहायचं होतं.”

हे मी रायनाबाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं ते वाईत, श्रीधरच्या आईला.

काकूंना किती कळलं ते मला माहीत नाही, पण त्यांनी समजूत घातली नाही, त्याचं मला बरं वाटलं. त्या उठल्या, देवघराच्या फडताळातून नवं विमानपत्र आणि पेन घेऊन आल्या. पाऊण पान त्यांनी स्वतः लिहिलं. मग पत्र माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, खाली चार ओळी तू लिही, त्याला तुझं ऐकायचंय.

मी चारहून जास्त लिहिल्या. भाषा हळूहळू येईल, तब्येत सांभाळ, स्तोयांकाबाईंकडं रविवारी जात जा, तट कुठपर्यंत आला ते कळव. वाचून पाहिल्या. सगळ्या बरोबर होत्या आणि एकही खरी नव्हती. मी त्या खोडल्या. उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं, “श्रीधर, मला तुझा हेवा वाटतो. परत येऊ नकोस.” पत्र लगेच चिकटवलं आणि काकूंना म्हणालो की पोस्ट वाटेतच आहे, मीच टाकतो.